लाल, केशरी, पिवळ्या फुलांच्या मांडणीत पांढरी फुले घालावीत का?

आपल्या बागेत झिनिया, डेलिया, सूर्यफूल आणि झेंडू अशी सगळी उष्ण रंगांचीच फुले आहेत, ती एका फुलदाणीत ठेवली की भडक दिसतात, मग मध्ये पांढरी फुले घालून तो भडकपणा मोडावा का आणि ही फुले किती दिवस टिकतील, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण असे की याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा वाद गेली कित्येक वर्षे मिटलेला नाही.

एकदा माझ्या घरी पंधरा-वीस माणसे जमणार होती. मी पहाटे, देठांत भरपूर पाणी असताना, बागेतील गर्द तांबड्या डेलिया, केशरी झिनिया, तीन लहान सूर्यफुले आणि ओंजळभर गलांडा कापला आणि तासभर खपून मांडणी केली. मी स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात ताईने त्यात पाच-सहा पांढऱ्या शेवंत्या खोचल्या आणि वर ‘आता जरा डोळ्यांना विसावा मिळतो’ असे सांगितले. विसावा कसला! लाल-केशरी रंगांच्या मेळ्यात पांढरे फूल सर्वांत उजळ असल्यामुळे नजर आधी तिकडेच धावते, पाहणारा नकळत पांढरी फुले मोजू लागतो, आणि एकसंध मांडणीचे ठिपक्याठिपक्यांचे कापड होते. पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या फुलदाणीनेही थोडेफार हेच होते. या रंगांना विटकरी, तपकिरी किंवा तांब्याचे भांडे शोभते.

मी तिला समजावून सांगितले की भडकपणा लाल आणि पिवळा शेजारी आल्याने येत नाही, तर सगळे रंग सारख्याच जोराचे असल्यामुळे येतो. म्हणून जर्द पिवळ्यासोबत फिकट पिवळा, केशरीसोबत जर्दाळूसारखा मऊ रंग, तांबड्यासोबत काळपट मरून अशी उतरंड लावावी, आणि दोन रंगांमधला सांधा अशा फुलाने जोडावा ज्याच्या अंगावर ते दोन्ही रंग आहेत. गलांड्याच्या तांबड्या पाकळ्यांची टोके पिवळी असतात, म्हणून मी तो मुद्दाम लावते. फुलदाणीत त्याच्याइतका उपयोगी मध्यस्थ मला दुसरा सापडलेला नाही. गर्ट्रूड जेकिल या इंग्लंडमधील प्रसिद्ध उद्यानरचनाकार आपल्या ताटव्यांत फिकट रंगांपासून पायरीपायरीने केशरी-लालापर्यंत चढत आणि पुन्हा तशाच उतरत, हा दाखलाही मी दिला. त्यावर ‘तो लांबलचक ताटवा होता, ही वीतभर फुलदाणी आहे’ असे ताईचे उत्तर आले. मी शेवंत्या उपटून काढल्या आणि तिने त्या निमूटपणे एका काचेच्या पेल्यात ठेवल्या.

संध्याकाळी, दिवे लावण्यापूर्वी, पाहुणे आले आणि माझी मांडणी अक्षरशः विझली. उजेड मंदावला की आपल्या डोळ्यांना लाल रंग इतर रंगांच्या मानाने फार लवकर काळा दिसू लागतो. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे निरीक्षण नोंदवले, म्हणून या परिणामाला त्याचेच नाव आहे; मला ते त्या दिवशी ठाऊक नव्हते. मी सगळ्या डेलिया मधोमध दाटीने लावल्या होत्या, त्यामुळे फुलदाणीच्या पोटात एक काळे भगदाड दिसत होते, आणि प्रत्येक जण कौतुक करत होता ते पेल्यातील शेवंत्यांचे. ताई त्या वेळी एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते, कारण त्यानंतर आजतागायत ती बोलते आहे.

माझे मत मात्र बदललेले नाही. चूक पांढरे काढण्याची नव्हती, गडद रंग एके ठिकाणी कोंबण्याची होती. आता मी गर्द फुले खाली आणि आतल्या बाजूला विखरून लावते, फिकट पिवळी उंच आणि कडेला ठेवते, आणि फुलांमध्ये पाने तेवढी भरते की एक फूल दुसऱ्याला टेकू नये. हिरवा रंग भडकपणा जितका आवरतो तितका पांढरा कधीच आवरत नाही.

टिकण्याविषयी थोडक्यात सांगायचे तर ते कापण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. झिनियाचा देठ फुलाखाली वीतभर अंतरावर धरून हलवावा. मान डुलली तर फूल अजून कच्चे आहे, ताठ राहिली तर कापावे आणि ते आठवडाभर टिकेल. डेलियाची घट्ट कळी कापल्यावर उमलत नाही, म्हणून ती जवळजवळ पूर्ण उमललेलीच घ्यावी आणि चार-पाच दिवसांवर अपेक्षा ठेवू नये. झेंडूची पाण्यात बुडणारी पाने काढली नाहीत तर पाणी लवकर कुजून घाण वास सुटतो. दर दोन दिवसांनी पाणी बदलून देठ १–२ सेंटीमीटर कापावेत, कारण कुजक्या पाण्यातील जिवाणू देठाच्या नळ्या बुजवतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आपली फुलदाणी अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा केवळ संध्याकाळच्या उजेडात पाहिली जाणार असेल, तर वरचे सगळे गणित थोडे बदलते आणि निम्म्याहून अधिक फुले फिकट घ्यावी लागतात. मी अशा वेळी सायीच्या रंगाची डेलिया वापरते. ताई तिला पांढरी म्हणते. ती पिवळी आहे.