सासऱ्यांना शुगर निघालीय, आंबा आणि बाकी फळं अगदीच बंद करायची का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सासरे ६७ वर्षांचे, महिन्यापूर्वी शुगर निघाली, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) ७.८ आलं, गोळी सुरू झालीय आणि घरात फर्मान निघालंय की आजपासून फळ म्हणून काही आणायचं नाही, त्यात आंब्याच्या पेट्या यायला लागल्यात आणि ते रुसून बसलेत. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण २०१६ पासून मला स्वतःला शुगर आहे आणि आमचं गाव देवगडच्या बाजूला, त्यामुळे हा रुसवा काय असतो ते मला विचारा.

नाही, अगदी बंद करायची गरज नसते. पण "फळच तर आहे, नैसर्गिक साखर, काही होत नाही" हेही खरं नाही. साखर ती साखरच, झाडावरची असो की डब्यातली.

पहिल्या वर्षी मीही आंबा पूर्ण सोडला होता. गावाहून भावाने पाठवलेली पेटी शेजाऱ्यांना वाटली, मोठा त्याग केल्यासारखं वाटत होतं, आणि मग तो त्याग भरून काढायला चहाबरोबर चार मारी बिस्किटं, संध्याकाळी शुगर फ्री लिहिलेली कुकीज, मधेच भडंग, रात्री "आंबा नाही ना खाल्ला" म्हणून भाताचा एक डाव जास्त. जूनमध्ये टेस्ट केली तर आकडा आधीपेक्षा वर. डॉक्टरांनी विचारलं काय खाता, मी म्हटलं आंब्याला हातसुद्धा लावला नाही, तर ते हसले आणि म्हणाले मग कशाकशाला लावला ते सांगा. बिस्किट म्हणजे मैदा, भडंग म्हणजे चुरमुरे, पिठूळच सगळं, त्याची शेवटी साखरच होते रक्तात.

मग त्यांनी जो हिशेब समजावला तो मी अजून धरून आहे. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात साधारण १५ ग्रॅम कार्ब असतात, म्हणजे साखर आणि पिठूळ पदार्थ मिळून. मध्यम हापूस घेतला तर साल आणि बाठा सोडून गर निघतो १५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे झाले २२ ग्रॅमच्या आत-बाहेर. आणि ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत असतात साधारण २०. म्हणजे हिशेबाला एक आंबा आणि एक पोळी सारखेच, एवढंच लक्षात ठेवा. आंबा खायचाय ना, मग पोळी काढा ताटातून. आपल्याकडे गडबड इथंच होते, आपण पोळी, भात, वरण, बटाट्याची भाजी सगळं जेवतो आणि त्यावर आंबा "गोड म्हणून" घेतो. ताटात त्याच्यासाठी जागा केलेलीच नसते, वरून ओतलेला असतो.

आणि आमरस-पुरी तर विचारूच नका. वाटीभर रसात किती आंबे गेले ते कळत नाही, वर साखर घातलेली, बरोबर पाच-सहा पुऱ्या. अक्षय्य तृतीयेला मी एकदा "सणच आहे" म्हणून बसलो आणि दोन तासांनी शुगर २४१. तेच दुसऱ्या दिवशी पाच वाजता, चहाच्या वेळेला, अर्धा हापूस फोडी करून आणि बरोबर सात-आठ बदाम, आधी ११८ होती ती दोन तासांनी १४६. माझा आकडा तुमच्या सासऱ्यांना लागू पडेलच असं नाही, म्हणूनच ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून शुगर बघायचं मशीन, घ्या घरी. खायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा, असं तीन-चार दिवस केलंत की त्यांचं शरीर आंब्याला काय म्हणतं ते कळेल, मग घरातल्या कुणाच्याच फर्मानाची गरज उरत नाही. बऱ्याच जणांना जेवणानंतर १८० च्या आत ठेवायला सांगतात, पण त्यांच्या वयाला आणि औषधाला किती चालेल ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा.

टोचण्याआधी हात मात्र साबणाने धुवायचे. हसू नका, मी एकदा आंबा कापून रुमालाला हात पुसले आणि तसंच टोचलं, मशीन म्हणतं ३१२! बायको रिक्षा बोलवायला निघाली होती. हात धुऊन परत बघितलं तर १५१. बोटाला लागलेला रस रक्ताच्या थेंबात मिसळतो, दुसरं काही नाही.

बाकी फळांचं सांगायचं तर माझं रोजचं फळ पेरू. १०० ग्रॅमला जवळजवळ ५ ग्रॅम फायबर, चावून खायला वेळ लागतो, पोट भरतं. पपई, संत्रं, मोसंबी, सफरचंद, जांभूळ हेही आलटून-पालटून असतं, एका वेळी एक फळ किंवा एक वाटी. केळ्याला लोक उगाच घाबरतात, वेलची केळं छोटं असतं, त्यात ११-१२ ग्रॅम कार्ब, बाजारात मिळतं ते लांबलचक मोठं केळं मात्र २५ च्या पुढे जातं, दोन्हीला केळंच म्हणतो आपण. चिकू, सीताफळ, फणसाचे गरे यांना मी जपून असतो, सीताफळ अर्धं घेऊन बसलो की उरलेलं अर्धं कधी संपतं कळत नाही. कलिंगडाचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर शुगर किती झटकन वाढते त्याचा आकडा) सत्तरीच्या पुढे म्हणून कुणी घाबरवलं असेल, पण त्यात पाणीच जास्त, १०० ग्रॅमला ७-८ ग्रॅमच कार्ब, त्यामुळे दोन फोडींनी बिघडत नाही, अख्खी परात घेऊन बसलात तर बिघडतं. खजूर, मनुका मात्र "पौष्टिक" म्हणून मूठभर खाऊ देऊ नका, त्यात साधारण दोन तृतीयांश साखरच.

ज्यूस नको. घरी काढलेला, साखर न घातलेला, तरी नको. ग्लासभर रसाला तीन-चार मोसंबी जातात, चोथा जातो कचऱ्यात आणि साखर दोन मिनिटांत पोटात. २०१३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या हजारो नर्सेस आणि आरोग्य क्षेत्रातल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती छापून आली होती, त्यात अख्खी फळं खाणाऱ्यांमध्ये, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षं, सफरचंद, टाइप २ डायबेटिस कमी दिसला आणि ज्यूस पिणाऱ्यांमध्ये जास्त. ज्यूसला एकच जागा, शुगर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, हातपाय थरथरले की तेव्हा अर्धा ग्लास आणि १५ मिनिटांनी परत चेक. त्या वेळी पेरू चघळत बसायचं नाही.

जांभळाच्या बियांची पावडर कुणीतरी आणून देईलच, सगळ्यांना मिळते ती. मीही दोन महिने घेतली, तोंड कडू झालं, आकडा होता तिथेच. घ्यायची तर घ्या पण त्यापायी गोळी बंद करू देऊ नका, आमच्या ओळखीतल्या एकाने केली आणि महिनाभरात ॲडमिट झाला.

एक गोष्ट नक्की तपासा, किडनीचा रिपोर्ट. क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं असेल तर हिशेब साखरेवर थांबत नाही, केळं, शहाळ्याचं पाणी असल्या पोटॅशियमवाल्या गोष्टींवरही बंधन येतं, आणि करमळ (स्टार फ्रूट) तर किडनीच्या पेशंटला अजिबात द्यायचं नाही. इन्सुलिन सुरू झालं तरीही आधी डॉक्टरांशी बोलून मगच फळाची वेळ ठरवा.

तर उद्या पाच वाजता सासऱ्यांना अर्धा हापूस द्या, फोडी करून, बशीत मोजून. बाठा देऊ नका पण. बाठा चोखायला बसलेला कोकणी माणूस एका बाठ्यावर थांबत नाही, मी स्वतःवरून सांगतोय, आमच्याकडे बाठे आता नातवाच्या वाटणीला जातात आणि मी बघत बसतो.