गॉर्डन लाइटफूट या कॅनेडियन गायकावर चाहत्यांचा इतका जीव का आहे?

माझ्या मते, तो गाण्यातल्या माणसांना विसरला नाही म्हणून. १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपिरियर सरोवरात 'एडमंड फिट्झजेराल्ड' हे मालवाहू जहाज वादळात बुडालं, २९ खलाशी गेले. लाइटफूटने त्यावर लिहिलेलं गाणं १९७६ मध्ये आलं आणि अफाट गाजलं. पण मला भिडते ती पुढची गोष्ट. त्या गाण्यातल्या एका ओळीत जहाजाच्या माल ठेवायच्या कप्प्यावरचं झाकण कोसळल्याचा उल्लेख होता, म्हणजे ते नीट बंद न केल्याचा दोष खलाशांवर येत होता. नव्या तपासात तसं नसावं असं दिसल्यावर २०१० पासून कार्यक्रमांत त्याने ती ओळच बदलून टाकली. पस्तीस वर्षांनी! त्या खलाशांच्या घरच्यांना काय वाटलं असेल.

२००२ मध्ये तो कित्येक आठवडे कोमात होता, तरी पुन्हा मंचावर उभा राहिला. आवाज बारीक झाला होता, पण टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये लोक येतच राहिले.

१ मे २०२३ ला तो गेला. डेट्रॉइटच्या खलाशांच्या चर्चमध्ये घंटा तीस वेळा वाजली: २९ खलाशांसाठी, तिसावी त्याच्यासाठी.