तुम्ही विचारलंत: स्क्रीनवर मस्त दिसणारा कोर्स पळताना का फसतो?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, ओरिएंटियरिंगचे कोर्स कॉम्प्युटरवर कसे आखायचे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. हातात नकाशा आणि कंपास, नकाशावर जांभळ्या गोलांनी दाखवलेले कंट्रोल, प्रत्यक्ष जागेवर पांढरा-केशरी झेंडा, आणि ते सगळे दिलेल्या क्रमाने गाठायचे, मधली वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. कंट्रोलची ही ठरवलेली मालिका म्हणजे कोर्स. दोन कंट्रोलमधल्या पल्ल्याला लेग म्हणतात, हा शब्द खाली सारखा येणार आहे.

ताई, मी पर्पल पेनमध्ये (कोर्स आखायचं सॉफ्टवेअर) दहा कंट्रोलचा कोर्स केला. जागा एकेक भारी शोधल्या होत्या, मोठा दगड, खड्डा, ओढ्याचा उगम. पण पळून आलेले म्हणाले, बोअर झालं, नुसतं पायवाटेवरून पळत होतो. माझं चुकलं कुठे?

तुम्ही गोल आधी टाकलेत. सगळेच टाकतात हो, मी पण कित्येक वर्षं तेच करत होते, कारण सॉफ्टवेअर तसंच करायला लावतं, कंट्रोलचं बटण दाबा, नकाशावर क्लिक करा, पुढचं क्लिक केलं की मधली रेघ आपोआप येते, दहा मिनिटांत कोर्स तयार आणि आपण खूश. पण पळणाऱ्याचा वेळ त्या दगडापाशी जात नाही, तो जातो मधल्या रेघेत. कंट्रोल म्हणजे फक्त तो लेग जिथे संपतो ती जागा.

म्हणून मी आता आधी कोरा नकाशा छापते, पेन्सिल घेते, आणि लॅपटॉप बंद. नकाशात आडवं काय येतंय ते शोधायचं, टेकडी, दरी, तळं, दाट झाडी. मग तिच्या अलीकडे आणि पलीकडे बोट ठेवून स्वतःला विचारायचं, मी इथून तिथे कशी गेले असते? एकच उत्तर पटकन आलं तर तो लेग मेलेला. दोन उत्तरं आली आणि आपण जरा अडखळलो तर तो ठेवायचा.

हिशोबाने बघा. सरळ रेघेत ९०० मीटरचा लेग आहे, मधे टेकडी, सरळ गेलं तर चढताना सहा कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेघा, ओलांडावे लागतात, दोन कॉन्टूरमधलं उंचीचं अंतर ५ मीटर, म्हणजे ३० मीटर चढ. ढोबळ नियम असा की १ मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे १० मीटर, तर सरळ वाट पडते साधारण १२०० मीटरला. आता पायवाटेने वळसा घालून ११५० मीटर होत असेल तर झकास, पळणारा तिथे थांबून डोकं खाजवणार आणि आपल्याला तेच हवंय. वळसा १६०० चा असेल तर तो कुणी घेणारच नाही. आणि चढ ३० ऐवजी १५ मीटरच असेल तर सरळ वाट १०५० वर येते, सगळे शिस्तीत सरळ जाणार, तुमची टेकडी फुकट. कधी कधी लेगच्या शेवटचा कंट्रोल ५० मीटर डावीकडे सरकवला की मेलेला लेग जिवंत होतो, आणि ही सरकवासरकवी मात्र सॉफ्टवेअरमधे करायला मजा येते, लेगची लांबी लगेच दिसते. एक लक्षात ठेवा, तो आकडा सरळ रेघेचा असतो, आणि कोर्सचा एकूण चढ पर्पल पेन स्वतः मोजत नाही, आपण शहाण्या वाटेवरचे कॉन्टूर मोजून भरायचा. एकूण चढ कोर्सच्या लांबीच्या ४ टक्क्यांच्या आत राहिलेला बरा.

अजून एक, ज्या वाटेने कंट्रोलला आलो त्याच वाटेने परत बाहेर पडावं लागत असेल तर त्याला डॉगलेग म्हणतात, तो टाळा. मागून येणाऱ्याला समोरून परतणारा दिसला की त्याला नकाशा बघायची गरजच उरत नाही. यावर उपाय म्हणजे पुढे ८०-१०० मीटरवर एक छोटा कंट्रोल घालायचा, म्हणजे माणूस दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. तो कंट्रोल स्वतः कंटाळवाणा असला तरी चालतो, त्याचं काम तेवढंच.

हे सगळं अनुभवी लोकांसाठी बरं का. अगदी नवशिक्यांना पायवाटच द्या, आणि जिथे वाट बदलायची त्या प्रत्येक फाट्यावर झेंडा. त्यांना ते बोअर होत नाही.

कोर्स १:१०००० चा छापला, मुलं म्हणतात अंतरं जुळत नव्हती. सॉफ्टवेअरचा बग असेल का?

बहुतेक नाही. प्रिंट करताना ‘फिट टू पेज’ वर टिक होती का बघा. माझ्याकडे एकदा हेच झालं. पीडीएफ सुंदर, प्रिंटरने कडेला पांढरी पट्टी हवी म्हणून सगळं ९४ टक्क्यांवर आणलं, डोळ्यांना काही कळत नाही. पण ५०० मीटरचा लेग जो कागदावर ५० मिलिमीटर हवा तो ४७ वर आला, मुलीने कंपासच्या पट्टीने मोजला, ४७० मीटर पावलं मोजत गेली आणि बरोब्बर ३० मीटर अलीकडे उभी राहून झेंडा शोधत बसली. चूक माझी आणि रडकुंडीला ती. तेव्हापासून नकाशाच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरची एक रेघ टाकते आणि पहिली प्रत निघाली की पट्टी लावते, १०० भरली तरच बाकीच्या प्रती.

दुसरी शक्यता म्हणजे नकाशा तुम्ही स्कॅन किंवा जेपेग म्हणून घेतला असेल. ओकॅड या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या फाइलमधे स्केल आतच असतं, पण चित्र असलं की सॉफ्टवेअर तुम्हाला स्केल आणि डीपीआय (एका इंचात किती ठिपके) विचारतं, आणि तिथे आपण घाईत एंटर दाबतो. ते चुकलं की गोल, लेगची लांबी, सगळंच चुकतं. माहितीच्या दोन ठिकाणांमधलं अंतर सॉफ्टवेअरमधे मोजून बघा, लगेच कळेल.

गोलामुळे नकाशातली महत्त्वाची जागाच झाकली जाते. गोल छोटा करू का?

नको, गोलाचं माप ठरलेलं आहे. जंगलाच्या १:१५००० नकाशावर ५ मिलिमीटर व्यास, नकाशा १:१०००० ला मोठा केला की गोलही त्याच प्रमाणात मोठा, आणि स्प्रिंटच्या, म्हणजे इमारती-गल्ल्यांमधल्या छोट्या शर्यतीच्या, १:४००० नकाशावर ६ मिलिमीटर. त्यापेक्षा गोल कापा. पर्पल पेनमधे ‘ॲड गॅप’ आहे, गोलाच्या ज्या भागाखाली फट किंवा फाटा लपतोय तेवढाच तुकडा उडवायचा. जोडरेघेलाही तसंच, किंवा ‘ॲड बेंड’ ने ती जरा वाकवायची. नंबरचा आकडाही उचलून बाजूला ठेवता येतो.

स्प्रिंटमधे हे फारच जपून बघा. दोन भिंतींमधली बोळ नकाशावर मिलिमीटरभर पण नसते आणि नेमकी त्यावरून जांभळी रेघ गेली की बंद भिंत वाटते, माणूस अख्खा वळसा घालून येतो आणि मग तुमच्याशी भांडतो, आणि बरोबरच आहे त्याचं. मी छापलेला कागद हातभर लांब धरून, जरा हलवत बघते. स्क्रीनवर चारशे टक्के झूम करून सगळं दिसतंच की, पळताना कोण झूम करणार?

आणि जांभळा रंग नकाशावर पारदर्शक छापायची सेटिंग असेल तर चालू करा, खालचे काळे-तपकिरी बारकावे त्यातून दिसतात.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? पैसे भरायलाच लागतात का?

नाही. कोर्स आखायला पर्पल पेन फुकट आहे आणि शाळा-क्लबच्या कामाला भरपूर झालं. नकाशाच काढायचा असेल तर ओपनओरिएंटियरिंग मॅपर, तेही फुकट, अँड्रॉइड टॅबवर पण चालतं, म्हणजे जागेवर उभं राहून काढता येतं. ओकॅड आणि कॉन्डेस विकत घ्यावे लागतात. मोठ्या स्पर्धा, रिलेत धावपटूंना थोडे वेगवेगळे कोर्स देणं वगैरे रोजचंच काम असेल तर त्यांचा विचार करा, नाहीतर कशाला.

सॉफ्टवेअर कंट्रोलचे कोड, म्हणजे जागेवर झेंड्यापाशी लिहिलेले नंबर, ३१ पासूनच का सुरू करतं? आणि मधले काही नंबर गाळतं, ते का?

३१ च्या खालचे कोड वापरत नाहीत, कारण पाचवा कंट्रोल आणि कोड ५ अशी गल्लत होते. गाळलेले नंबर बघा, ६६, ६८, ८६, ८९, ९८, ९९. कागद उलटा धरून ६८ वाचा, ८९ झाला की नाही?

ओपनस्ट्रीटमॅपवरून (लोकांनीच भरलेला फुकट ऑनलाइन नकाशा) थेट नकाशा बनवून कोर्स टाकला तर चालेल?

रस्त्यांवरच्या खेळाला चालेल. ओपनओरिएंटियरिंगमॅप नावाची साइट त्या डेटावरून ओरिएंटियरिंगच्या रंगात पीडीएफ काढून देते, एक संध्याकाळ मजेत जाते. पण त्यात कुणीतरी भरलंय तेवढंच असतं, कुंपणं, फाटकं, मागच्या गल्ल्या बऱ्याचदा नसतात. जंगलासाठी मी तरी वापरणार नाही.

माझा नकाशा लायडारच्या (विमानातून लेसरने जमीन मोजायच्या) डेटावरून केलाय, कॉन्टूर एकदम अचूक. तरी प्रत्येक कंट्रोलच्या जागी जाऊन बघायलाच हवं का?

हवंच. लायडारने जमिनीचा आकार फार सुंदर येतो, हे मान्य, एवढीशी उंचवट्याची गाठ पण दिसते. पण विमान ज्या दिवशी वरून उडालं त्या दिवसाची ती जमीन. मी एकदा तीन लेग घरी बसून आखले, कागदावर इतके आवडले की त्यांच्यावरच अख्खा कोर्स उभा केला, आणि जागेवर गेले तर दुसऱ्या लेगच्या बरोबर मधून नवं कोरं तारेचं कुंपण, आणि तिसऱ्यात नकाशावर पांढरं म्हणजे मोकळं पळण्यासारखं दाखवलेलं जंगल, तिथे कमरेएवढी काटेरी झुडपं. सरळ वाट घेणारा सोलून निघाला असता.

त्यातून कंट्रोल हलवायची वेळ आली तर पर्पल पेनच्या ‘ऑल कंट्रोल्स’ मधे हलवा, म्हणजे तो ज्या ज्या कोर्समधे आहे तिथे सगळीकडे हलतो आणि वर्णनाच्या पत्रकाचा, म्हणजे कंट्रोल नेमका कुठे आहे ते सांगणाऱ्या यादीचा, घोळ होत नाही. मात्र नंतर प्रत्येक कोर्स एकेक उघडून बघा, कारण मोठ्यांच्या कोर्ससाठी आत सरकवलेला झेंडा नवशिक्यांच्या कोर्समधे पण पायवाट सोडून झाडीत गेलेला असतो. वर्णनातला ‘दगडाची पूर्व बाजू’ हा भाग आपोआप बदलत नाही, तो हाताने बदलायचा. आणि दोन झेंडे ३० मीटरच्या आत आले नाहीत ना तेही बघा, जंगलात दोन्हीकडे सारखाच दगड किंवा खड्डा असेल तर ६० मीटर तरी ठेवा.

जागेवर गेलात की प्रत्येक ठिकाणी टेपचा छोटा तुकडा बांधून या, म्हणजे स्पर्धेच्या दिवशी पहाटे अंधारात झेंडे लावायला दुसरं कुणी गेलं तरी त्याला नेमकी फांदी सापडेल. टेपवर कोड मार्करने लिहा, साध्या पेनाचा दवात पुसला जातो.