'अभयारण्य शहर' म्हणावे का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: अमेरिकेच्या बातम्यांत 'सँक्च्युअरी सिटी' असते, त्याला मराठीत कोणी 'अभयारण्य शहर' लिहितात. ते बरोबर आहे का? नसेल तर काय लिहावे?

बरोबर नाही. एक तर आपल्याकडे अभयारण्य जनावरांचे असते, माणसांच्या वस्तीला तो शब्द लावलेला वाईट वाटतो. त्याहून मोठी अडचण अर्थाची आहे. अभयारण्यात शिकारीला बंदी असते, आणि ती सगळ्यांनाच. शिकागो किंवा लॉस एंजेलिसमध्ये तसे काही नाही. तिथे इमिग्रेशन खात्याचे म्हणजे 'आइस'चे लोक येऊ शकतात, अटक करू शकतात, करतातही. शहर एवढेच म्हणते की या कामाला आमचे पोलीस आणि आमचा तुरुंग मिळणार नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहा. एखादा माणूस किरकोळ गुन्ह्यात स्थानिक तुरुंगात आहे, त्याला जामीन मिळाला. 'आइस'कडून कागद येतो: याला आणखी ४८ तासांपर्यंत ठेवा, आम्ही न्यायला येतो. त्या कागदावर न्यायाधीशाची सही नसते. असहकार करणारे शहर म्हणते, न्यायाधीशाचे वॉरंट आणा, नाहीतर जामीन झालेला माणूस आम्ही सोडणार.

असे म्हणण्याचा अधिकार येतो कुठून? अमेरिकी राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीतून, म्हणजे संघीय सरकारला न दिलेले अधिकार राज्यांकडे ठेवणाऱ्या कलमातून. १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संघीय सरकार राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही. गंमत अशी की तो खटला बंदूक विकत घेणाऱ्यांच्या तपासणीचा होता आणि तक्रार घेऊन आले होते शेरीफ, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचे पोलीसप्रमुख. आज त्याच निकालाचा आधार स्थलांतरितांची बाजू घेणारी शहरे घेतात.

मराठी वाचक गोंधळतो तो नेमका इथे. आपल्याकडेही पोलीस राज्याचे आणि परकीय नागरिकांचा विषय केंद्राचा. पण आपल्या घटनेच्या कलम २५८ नुसार संसद कायदा करून राज्याच्या अधिकाऱ्यांवर असे काम सोपवू शकते. त्यामुळे 'शहराने केंद्राला नकार दिला' हे वाचले की आपल्याला ते बंड वाटते. तिथे ते बंड नाही, कायद्याने दिलेली मुभा आहे.

म्हणून अशा बातम्यांतल्या 'स्टेट्स राइट्स'साठी 'राज्यांचे हक्क' हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. ॲरिझोनाने २०१० साली स्वतःचा कडक स्थलांतर कायदा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या वादग्रस्त चार कलमांपैकी तीन रद्द केली, कारण हा विषय संघीय सरकारचा. पोलिसांनी अडवलेल्या माणसाचा इमिग्रेशन दर्जा तपासण्याचे कलम तेवढे राहिले. थोडक्यात, राज्याला केंद्राच्या पुढे धावता येत नाही, पण मागे थांबता येते. माझ्या मते इथे 'हक्क' नको, 'अधिकार' हवा.

मग सँक्च्युअरीला शब्द कोणता? मूळ कल्पना चर्चच्या आश्रयाची. १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनच्या एका चर्चने एल साल्वादोर आणि ग्वाटेमालातून जीव वाचवून आलेल्यांना उघडपणे आसरा दिला आणि तशी चळवळ उभी राहिली. सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ च्या आपल्या नियमात स्वतःला 'आश्रयाचे शहर' म्हटले. या अर्थाला मराठीत जुना, सुंदर शब्द आहे: शरणपूर. मराठी बायबलमध्ये तो आहे, आणि नाशिकला त्याच नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या गावात गुलामीतून सोडवलेली आफ्रिकी मुले राहिली, शिकली. टूसॉनच्या चर्चबद्दल लिहायचे तर मी 'शरणपूर' बिनदिक्कत वापरेन.

आजच्या कायद्याच्या बातमीत मात्र तोही चालणार नाही, कारण शरण आलेल्याला तिथे संरक्षणाची हमी नाही. अशा बातमीत 'असहकारी शहर' लिहावे. असहकार म्हटले की गांधीजींची चळवळ आठवेल, पण मदत नाकारणे हा अर्थ चोख पोचतो.

जाता जाता: व्हिसाची मुदत संपूनही राहिलेल्याला 'घुसखोर' लिहू नका. तो रीतसर परवानगीने आत आलेला असतो, आणि परवानगी संपल्यावर नुसते राहणे हा तिथे सहसा फौजदारी गुन्हाही नसतो. 'विनापरवाना राहणारा' पुरेसे आहे.