जाड माणूस सेप्सिसमधून जास्त वाचतो, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ 46 वर्षांचा, उंची 170 सेंटिमीटर, वजन 98 किलो. पायाच्या जखमेतून सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे शरीरातले अवयव बिघडणं) झालं, नागपुरात आयसीयूत आहे, फाइलवर ‘सिव्हियर सेप्सिस’ लिहिलंय. गावातले म्हणतात, अंगात मांस आहे, निभावेल. नेटवरही लठ्ठ रुग्ण कमी दगावतात असं तुम्ही वाचलंत. आणि काका, खोकून खोकून 44 किलोवर आलेले, मागच्या वर्षी न्यूमोनियात चार दिवसांत गेले. तर वजनाचा संबंध असतो का?

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. बारा खाटा, दोन व्हेंटिलेटर. माझ्याकडे येणारे सेप्सिसचे बहुतेक रुग्ण तुमच्या काकांसारखे असतात, भावासारखे थोडे. त्यामुळे माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे, हे धरून वाचा.

तुम्ही वाचलं ते खोटं नाही. 2016 मध्ये आयसीयूतल्या सेप्सिसच्या रुग्णांवरच्या सहा अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. बीएमआय (उंचीच्या हिशेबानं वजनाचं माप) 25 ते 30 असो की 30 ते 40, दोन्ही गटांत मृत्यूचे ऑड्स (मेलेले आणि वाचलेले यांचं गुणोत्तर) बेताच्या वजनाच्या लोकांपेक्षा 17-18 टक्क्यांनी कमी निघाले. 40 च्या पुढे मात्र असा स्पष्ट फायदा दिसला नाही. त्याआधी 2014 मध्ये अमेरिकेतल्या 1,404 वयस्क रुग्णांचा अभ्यास आला होता, त्यातही वर्षभरानंतर लठ्ठ लोक जास्त संख्येने जिवंत होते. तुमच्या भावाचा बीएमआय 34 च्या आसपास येतो. म्हणजे कागदावर तो बऱ्या गटात बसतो.

पण ही मोजणी कुठून सुरू झाली ते बघा. हे सगळे लोक आधीच सेप्सिस झालेले. लठ्ठपणामुळे मुळात सेप्सिस होण्याचीच शक्यता वाढते: शुगर, न भरणारी जखम, जांघेतलं चिघळणं, लघवीचा संसर्ग. जिनिंगवर आलेल्या कापसाची प्रत पाहून शेतात बोंडअळीनं किती खाल्लं ते कळत नाही, तसंच हे. आणि तुमच्या भावाला शुगर आहे की नाही हे तुम्ही लिहिलं नाही. तपासली नसेल असं नाही, पण विचारा.

दुसरी मेख तुलनेच्या गटात आहे. ‘बेताचं वजन’ असलेल्यांत कोण कोण बसतं? धडधाकट माणूस बसतो, आणि वर्षापूर्वी 72 किलोचा असलेला, टीबीनं किंवा कॅन्सरनं 56 वर आलेला माणूसही तिथेच बसतो. तो जास्त मरतो, आणि त्याच्या शेजारी जाड माणूस नशीबवान दिसतो. 2013 मध्ये सेप्टिक शॉकच्या (सेप्सिसमध्ये बीपी कोसळलेल्या) 2,882 रुग्णांचा अभ्यास झाला. तिथेही जाड लोक कमी दगावले, पण वय, मूळचे आजार आणि मिळालेले उपचार यांतला फरक वजा केल्यावर तो फायदा ठामपणे उरला नाही. शिवाय परदेशी अभ्यासात 25 च्या पुढे ‘वजन जास्त’ आणि 30 च्या पुढे लठ्ठ. आपल्याकडे 2009 पासून 23 आणि 25 हे आकडे धरतात. आपल्या माणसाच्या पोटावर चरबी लवकर चढते आणि स्नायू कमी असतात, म्हणून तिकडची फूटपट्टी इथे लावताना मला संकोच वाटतो.

चरबीचा उपयोग काहीच नसेल असं मी म्हणत नाही. साठा असतो, रक्तातले चरबीचे कण जंतूंचं विष थोडं धरून ठेवतात असंही मानतात. पण साठ्याचं म्हणणं मला अर्धंच पटतं, कारण सेप्सिसमध्ये शरीर आधी स्नायू जाळतं. आयसीयूत पहिल्या दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी 18 टक्क्यांच्या आसपास घटतं, हे 2013 मध्ये सोनोग्राफीनं मोजून दाखवलंय. पोट तसंच दिसतं आणि मांड्या गेलेल्या असतात. तेव्हा गावातले ‘अंगात मांस आहे’ म्हणतात त्यातलं मांस किती नि चरबी किती, हा खरा प्रश्न आहे.

आता वजनाचा जो संबंध मी रोज बघते, तो सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक म्हातारे आले. ताप, धाप, बडबड, वरचं बीपी 80. सोबतच्या चिठ्ठीवर वजन ‘अंदाजे 60’. करदोडा कमरेवरून इतका खाली लोंबत होता की मला ते पटेना. सिस्टरला म्हटलं, काटा आणा. म्हातारी वैतागली, ‘आता वजन कायले पाह्यजे मॅडम? सलाईन लावा न!’ सलाईन चालूच होतं. (हेच लोक कापसाच्या काट्यावर अर्ध्या किलोसाठी व्यापाऱ्याशी तासभर भांडतात आणि बरोबरच करतात.) मुलानं बापाला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्यानं. 103 मधून 62 गेले, उरले 41.

शॉकमध्ये पहिल्या तीन तासांत किलोमागे 30 मिली सलाईन देण्याची शिफारस आहे. 60 किलोला 1,800 मिली होतात, 41 ला 1,230. अर्ध्या लिटरहून जास्त पाणी, तेही अशक्त हृदयाच्या माणसाला, थेट फुप्फुसात जाऊ शकतं. अमिकासिन हे अँटिबायोटिक किलोमागे 15 मिलिग्रॅम धरलं तर 900 की 615, आणि हे औषध किडनीला जपून द्यावं लागतं. त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.1 होतं, रिपोर्टवर ‘नॉर्मल’. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ज्याला स्नायूच नाहीत त्याचं 1.1 म्हणजे किडनी बिघडलेली असू शकते. नुसत्या नजरेनं वजन लिहिण्याची चूक मीही केलेली आहे, रात्री तीन वाजता केली आहे, म्हणून चिठ्ठी लिहिणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. म्हातारे वाचले. काखेत स्क्रब टायफसचा (बारीक किडा चावून होणाऱ्या तापाचा) काळा डाग सापडला, डॉक्सीसायक्लिन चालू केलं, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. जाड रुग्णात हाच डाग पोटाच्या वळीखाली दडतो आणि सुटून जातो, हेही जाता जाता.

तुमच्या भावाच्या बाबतीत हिशेब उलट्या बाजूनं चुकू शकतो. वजन जास्त म्हणून काही अँटिबायोटिकचा पहिला डोस कमी पडतो. व्हेंटिलेटर लागला तर उलटं: श्वासाचं माप उंचीवरून ठरवायचं असतं. फुप्फुसं पोटाबरोबर वाढत नाहीत. 170 सेंटिमीटरच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन 66 किलो, किलोमागे 6 मिली, म्हणजे एका श्वासाला सुमारे 400 मिली. 98 नं गुणलं तर 590 च्या घरात जाईल. 2000 सालच्या मोठ्या चाचणीत फुप्फुसं बिघडलेल्या रुग्णांना किलोमागे 12 ऐवजी 6 मिली दिल्यावर मृत्यू 40 टक्क्यांवरून 31 वर आले होते. नागपुरातल्या चांगल्या आयसीयूत हे सगळं करतातच. तुम्हाला फक्त काय चाललंय ते समजावं म्हणून लिहिलं.

डॉक्टरांना वजनाबद्दल विचारण्याआधी पायाबद्दल विचारा. सडलेला भाग पूर्ण काढला का, पू उरलाय का, पुन्हा ऑपरेशन लागणार का. तिथे जंतूंचं घर तसंच राहिलं तर बीएमआय 22 असो की 34, औषधं वाहून जातात. मग बीपी वर ठेवणारं इंजेक्शन वाढतंय की कमी होतंय, रक्तातलं लॅक्टेट (ते चढलेलं म्हणजे अवयवांवर ताण) उतरतंय का, तासाला लघवी किती. ‘सिव्हियर सेप्सिस’ या शब्दावर फार जाऊ नका. 2016 च्या व्याख्येत तो काढून टाकलाय. आता नुसतं सेप्सिस, आणि त्यापुढे सेप्टिक शॉक. फाइलींवर जुना शब्द अजून चालतो. शॉक आहे का, एवढं विचारा.

शुद्धीवर आला की प्रथिनं आणि व्यायामाचं विचारायला लाजू नका. जाड आहे म्हणून ‘थोडं उपाशी राहू दे, वजन तरी उतरेल’ असं म्हणणारा एक तरी पाहुणा येतोच. त्याला बाहेर चहाला न्या.

कमी वजन म्हणजे मरणाची चिठ्ठी, असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांचं सेप्सिस ओळखायला आणि इंजेक्शनं द्यायला लावलं. त्यात कमी वजनाची बाळं भरपूर होती. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्के होतं, उपचार सुरू झाल्यावर 2.8 वर आलं.

म्हणून काकांबद्दल. ते 44 किलोचे होते म्हणून गेले असं मला वाटत नाही. त्यांना 44 वर आणणारं काहीतरी महिनोन्‌महिने चालू होतं, न्यूमोनिया शेवटी आला. इतक्या दिवसांचा खोकला आणि घटलेलं वजन यावर मला पहिला संशय टीबीचा येतो. त्यांचा बेडका कधी तपासला होता का? नसेल, तर त्यांच्यासोबत एका घरात राहिलेल्या सगळ्यांना, विशेषतः काकू आणि लहान मुलांना, प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन तपासून घ्या. तपासणी फुकट आहे. भाऊ कधीकाळी त्यांच्या घरी राहिला असेल, तर ते नागपूरच्या डॉक्टरांनाही आजच सांगा.