किमयेच्या (अल्केमी, म्हणजे हलक्या धातूंचे सोने करण्याची जुनी विद्या) जुन्या चित्रांतील प्राणी आणि राशी: प्रश्नोत्तरे

प्रश्न: जर्मन किमयागार मायकेल मायर यांच्या ‘अटलांटा फ्युजिएन्स’ (१६१७) या ग्रंथातील एका चित्रात लांडगा राजाचे प्रेत खातो आहे आणि मागे लांडगा जळत असलेल्या चितेतून राजा चालत बाहेर येतो आहे. हे पुनर्जन्माचे चित्र मानावे काय?

उत्तर: मानता येईल, पण आधी मुशीकडे, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्याकडे, पाहावे. राजा म्हणजे सोने आणि लांडगा म्हणजे सुरम्याचे खनिज, अर्थात अँटिमनी सल्फाइड. हिणकस सोने या खनिजाबरोबर वितळवले की सोन्यातील तांबे आणि चांदी गंधकाशी संयोग पावून मळीच्या रूपाने वर येतात, सोने अँटिमनीला धरून तळाशी बसते, आणि तो तळचा गोळा तापवत राहिले की अँटिमनी धूर होऊन निघून जाते व निर्भेळ सोने मागे राहते. (हा धूर विषारी असतो, घरी हौस करू नये.) लांडगा जळाल्याशिवाय राजा का उठत नाही, याचे उत्तर या शेवटच्या पायरीत आहे.

प्रश्न: ‘रोझारियम फिलॉसोफोरम’ (१५५०) या किमयेच्या ग्रंथात हिरवा सिंह सूर्य गिळताना दिसतो. सिंह राशीचा स्वामी रवी, म्हणून हे राशीचेच चित्र नव्हे काय?

उत्तर: तर्क आकर्षक आहे, परंतु त्यात हिरव्या रंगाचा हिशेब लागत नाही. सूर्य म्हणजे सोने आणि त्याला गिळणारा सिंह म्हणजे सोने विरघळवणारा द्राव, असा अर्थ मला अधिक पटतो. हिरवेपणाचा संबंध अनेकांनी हिराकसाशी (लोखंडाच्या हिरव्या क्षाराशी) जोडला आहे, मात्र किमयागारांचे आपसांतही यावर एकमत नव्हते.

प्रश्न: बारा राशी म्हणजे बारा रासायनिक क्रिया, हे कोष्टक सर्व चित्रांना लावावे काय?

उत्तर: लावू नये. मेष म्हणजे भस्मीकरण, अशी जी यादी नेहमी उद्धृत होते ती फ्रेंच लेखक पेर्नेती यांच्या १७५८ च्या किमयाविषयक कोशातली आहे. १६७७ च्या ‘म्यूटस लिबर’ या किमयेच्या चित्रग्रंथामध्ये मेंढा आणि बैल आहेत, पण त्यांच्यामध्ये शेतात दव गोळा करण्यासाठी ताणलेली कापडे आहेत आणि एक जोडपे भिजलेले कापड थाळीत पिळते आहे. येथे राशी फक्त ऋतू सांगतात. आपल्या पंचांगातील निरयन (ताऱ्यांवरून मोजलेली) मेष १४ एप्रिलच्या सुमारास लागते, तर युरोपातील सायन (वसंतसंपातापासून मोजलेली) मेष २१ मार्चच्या आसपास. तेव्हा हे दव मार्चअखेर ते मे महिन्यातले समजावे.