'जोखीम' जोखण्यातून आलेली नाही

एका वाचकाचा प्रश्न: युरोपातल्या गिऱ्हाइकाने पितळी भागांबद्दल मागितलेलं माहितीपत्रक मराठीत करताना 'हॅझर्ड' आणि 'रिस्क' या दोन्हींना 'धोका' म्हटलं तर चालेल का? आणि 'धोकादायक पदार्थ' बरं की 'घातक पदार्थ'?

नाही चालणार. ही गल्लत इतक्यांदा कानावर येते की आता राग येतो. घातकता, म्हणजे 'हॅझर्ड', पदार्थाच्या अंगचीच असते. शिसं डब्यात बंद असलं तरी घातकच. ते कोणाच्या पोटात किंवा श्वासात किती जातं, त्यावर जोखीम, म्हणजे 'रिस्क', ठरते. युरोपच्या २००६ च्या 'रीच' या रसायनांवरच्या कायद्यात या भेदावर बरंच काही अवलंबून आहे. एखादा पदार्थ वर्षाला एक टन किंवा जास्त बनवला वा आयात केला की नोंदणी, दहा टनांपासून रासायनिक सुरक्षा अहवाल. आणि त्या अहवालात पदार्थ घातक ठरला तर पुढे संपर्क किती, जोखीम किती हे मांडायचं. दोन्हीकडे 'धोका' लिहिलंत तर 'धोका असेल तर धोका मोजा' असं वाक्य तयार होतं.

'रीचच्या यादीत आलं म्हणजे बंदी' हेही तसंच. शिसं जून २०१८ मध्ये रीचच्या उमेदवार यादीत, म्हणजे अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत, आलं. त्याचा अर्थ, वस्तूत ते वजनाने ०.१ टक्क्याहून जास्त असेल तर युरोपातल्या पुरवठादाराने पुढच्या घेणाऱ्याला तसं कळवायचं. शिशावरचे निर्बंध वेगळ्या परिशिष्टात आहेत. कातकामाच्या, म्हणजे लेथवर कातायच्या, पितळात शिसं सहसा दोन-तीन टक्के असतं, म्हणून तर गिऱ्हाईक पत्र मागतं.

आता 'जोखीम'. पुष्कळ जाणकार ती 'जोखणे' म्हणजे तोलणे यातून काढतात. अर्थ जुळतो एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी 'ईम' हा प्रत्यय मराठीत दुसऱ्या कुठल्या क्रियापदाला लागतो ते दाखवावं. माझ्या मते मूळ आहे 'योगक्षेम'. 'योगी'चा जोगी होतो, 'क्षार'चा खार होतो, पालीत 'योगक्खेम' आहेच. मधला 'ग' गळाला की जोखेम, जोखीम. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने व्यापाऱ्यावर कर बसवताना काय पाहावं ते सांगितलंय: खरेदी, विक्री, वाटेचं अंतर, खाण्याचा खर्च 'योगक्षेमं च'. म्हणजे वाटेत माल सांभाळण्याचा भार! 'जोखमीचं सामान' म्हणजे मौल्यवान ऐवज, हा प्रयोग याच अर्थाने नीट उलगडतो. राखायचं ते धन आणि राखण्यातली भीती, दोन्ही एकाच शब्दात आली. आयुर्विमा महामंडळाचं बोधवाक्य 'योगक्षेमं वहाम्यहम्', मुंबईतल्या मुख्यालयाचं नावही 'योगक्षेम'. जोखीम उचलणाऱ्या संस्थेने नकळत जोखमीचंच मूळ नाव लावलंय, याचा मला अपार आनंद होतो. 'तोलणे'वाल्यांना या श्लोकाचं काय करायचं ते त्यांनी सांगावं.

उरला 'धोकादायक'. 'धोका'मध्ये फसवणुकीचा अर्थ आजही जिवंत आहे, आणि शिसं कोणाला फसवत नाही. 'घातक' थेट संस्कृतातल्या 'हन्' (मारणे) या क्रियाधातूच्या घरातला, आणि 'घातक कचरा' आपण म्हणतोच. तेव्हा पत्रकात 'घातक पदार्थ' लिहा, आणि 'रिस्क' असेल तिथे 'जोखीम'.